माऊस होल्डर बनवताय? पट्ट्या काढा, आधी नाकाचं आणि उबेचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं आहेत, त्यांना प्रोजेक्ट मिळालाय लॅबमधल्या उंदरांना स्कॅनच्या वेळी नीट ठेवणारं उपकरण बनवायचा, आणि तोच बेड मायक्रो-पेटमधून (लहान प्राण्यांसाठीचा पेट स्कॅनर, अंगात सोडलेला रेडिओॲक्टिव्ह पदार्थ कुठे जमतो ते दाखवणारा) उचलून सीटीत आणि जमलं तर एमआरआयमध्येही जायला हवाय. कॅडमध्ये मॉडेल तयार आहे. छातीवर आणि कमरेवर वेल्क्रोच्या पट्ट्या, चारही पायांना क्लॅम्प, डोक्याला दोन्ही बाजूंनी स्क्रू, सगळं थ्रीडी प्रिंट. विचारलंय की एवढ्यात उंदीर पूर्ण स्थिर राहील का आणि प्लास्टिक कोणतं घ्यायचं.

मॉडेल बघितलं, मेहनत दिसतेय, पण सरळ सांगते, पट्ट्या काढा. क्लॅम्पपण काढा. तुम्ही पकड बनवलीय आणि हवंय ते अंथरूण. मी मूळची मेकॅनिकलची, लहान प्राण्यांच्या इमेजिंगमध्ये पंधराएक वर्षं बेड, नोज कोन (नाकाशी भुलीचा गॅस पोचवणारी टोपी), कॉइलचे (एमआरआयचा सिग्नल पकडणाऱ्या वेटोळ्याचे) स्टँड असल्याच गोष्टी करतेय, आणि माझं पहिलं डिझाइन तुमच्यासारखंच होतं म्हणून एवढ्या हक्काने बोलतेय.

आधी हे समजून घ्या की स्कॅनच्या वेळी उंदीर बेशुद्ध असतो. आयसोफ्लुरेन या हुंगवायच्या भुलीवर ठेवलेला असतो, साधारण ३ ते ४ टक्क्यांवर झोपवतात आणि मग १ ते २ टक्क्यांवर ठेवतात, वाहक गॅस ऑक्सिजन किंवा साधी हवा. बेशुद्ध उंदीर स्वतःहून कुठे जात नाही हो. हलतं ते फक्त श्वासाने, आणि तो श्वास थांबवणं हे आपलं काम नाही. २५ ग्रॅमचा जीव, छाती अंगठ्याएवढी, त्यावर पट्टी ओढली की बरगड्या उघडायला जागा राहत नाही, मग तो पोटाने जोर लावून श्वास घेतो आणि तुमचं चित्र उलट जास्त हलतं. पट्टी अजून आवळली तर श्वास मंदावतो आणि मग उंदीर खरंच पूर्ण स्थिर होतो, कायमचा. माझ्याकडे असं एकदा झालंय. तेव्हा मी अर्धा तास भूल देण्याच्या मशीनला दोष देत बसले होते, पट्टीकडे लक्षच गेलं नाही.

शिवाय कॅन्सरच्या कामात ट्यूमर बहुतेक वेळा कुशीवर किंवा खांद्यावर कातडीखाली वाढवलेला असतो. त्यावर पट्टी किंवा बेडची भिंत दाबली की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, म्हणजे ट्रेसर (स्कॅनसाठी शिरेतून दिलेला रेडिओॲक्टिव्ह पदार्थ) तिथे पोचतच नाही, आणि मग रिपोर्टात येतं की औषधाने ट्यूमर थंड पडला! एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट देऊन रक्तप्रवाह मोजत असाल तर हे अजून जास्त नडतं. त्यामुळे बेडचा आकार अर्ध्या नळीसारखा घ्या, आतून गुळगुळीत, आणि ट्यूमरच्या बाजूला २-३ मिमी मोकळी जागा सोडा. पायांना लागलीच तर कागदी टेपची बारीक पट्टी लावतात, हॉस्पिटलमध्ये सुई धरायला लावतात ती, आणि न्यूड माऊस असेल तर तीही जपून, कारण त्या बिचाऱ्याच्या अंगावर केस नसतात आणि टेप काढताना कातडी सोलवटते.

आता उबेचं. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण बहुतेक होल्डरचं घोडं इथेच पेंड खातं.

उंदराचं नॉर्मल तापमान ३६.५ ते ३८ डिग्रीच्या आसपास असतं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ माणसाच्या दहा-बारा पट भरतं, त्यामुळे उष्णता भराभर निघून जाते. समजा कटिंग चहाच्या ग्लासात तळाला पाव चहा उरलाय, तो किती वेळात गार होतो? उंदीर म्हणजे तेवढाच चहा. शुद्धीत असतो तेव्हा तो थरथरतो, अंग गोळा करतो, घरट्यात शिरतो, पण भूल दिली की यातलं काहीच करता येत नाही आणि शरीराचा थर्मोस्टॅटपण ढिला पडतो. वर पुन्हा सिलिंडरमधून येणारा कोरडा, गार गॅस थेट नाकात. उब दिली नाही तर दहा-पंधरा मिनिटांत तापमान काही डिग्री उतरतं. एसी लावलेल्या स्कॅनरच्या खोलीत तर बघायलाच नको.

तुम्ही म्हणाल जगतो ना, मग झालं. नाही झालं. पेटमध्ये सगळ्यात जास्त वापरतात ते एफडीजी, म्हणजे रेडिओॲक्टिव्ह फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. उंदीर गारठलेला असेल तर त्याच्या दोन खांद्यांच्या मधली तपकिरी चरबी उष्णता तयार करायला साखर खाते आणि चित्रात तिथे लख्ख दिवा लागतो. मग ट्यूमरला साखर कमी मिळते. २००६ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधून यावर एक चांगला अभ्यास आला होता, त्यात त्यांनी दाखवलं की उंदीर उपाशी ठेवला होता का, इंजेक्शनच्या आधीपासून उबेत होता का, भूल कोणती आणि कधी दिली, एवढ्यावरच तोच ट्यूमर वेगळा दिसतो. म्हणजे ऊब फक्त स्कॅनच्या वेळी देऊन भागत नाही, इंजेक्शनच्या आधी अर्धा तास आणि नंतर ट्रेसर पसरेपर्यंतही द्यावी लागते. उंदराला आवडणारं तापमान ३० डिग्रीच्या आसपास आहे, आपल्याला बरं वाटतं त्या २२ डिग्रीत तो कायम थोडासा कुडकुडतच असतो. त्यामुळे तुमचा बेड एकटा विचारात घेऊ नका, झोपवायची पेटी, इंजेक्शनची जागा आणि बेड तिन्ही गरम पाहिजेत.

माझी चूक सांगते. आमच्या एका बेडमध्ये खाली हीटिंग पॅड होता आणि सेन्सर पॅडलाच चिकटवला होता. डिस्प्लेवर मस्त ३७ दिसायचं. दोन महिने आम्ही तसंच काम केलं, चित्रात मानेमागे दोन पंखांसारखे डाग यायचे, कुणी म्हणायचं हा उंदीरच वेगळा, कुणी म्हणायचं ट्रेसरची बॅच खराब. शेवटी एका पशुवैद्यक सहकाऱ्याने गुदद्वारातून तापमान घेतलं तर ३२ आणि थोडं. पॅड ३७ वर होता, उंदीर नव्हता. मध्ये ३ मिमी ॲक्रिलिक आणि एक टिश्यू पेपर! ते सगळे स्कॅन बाद करावे लागले. तेव्हापासून माझा नियम आहे की कंट्रोल उंदराच्या तापमानावर, आणि पॅडवर दुसरा सेन्सर फक्त सुरक्षेसाठी, की पॅड ४० च्या पुढे गेला तर वीज तोडायची. कारण उलटंही होतं, गुदद्वारातला प्रोब निसटून बाहेर आला की कंट्रोलरला वाटतं उंदीर गार पडला आणि तो पॅड तापवत सुटतो, आणि बेशुद्ध उंदीर चटका बसला तरी सरकत नाही. पोट भाजलेला उंदीर मी बघितलाय, परत बघायचा नाही.

ऊब द्यायची कशी तर गरम हवा हा माझ्या मते पहिला पर्याय. हवा सगळीकडून लागते, एका जागी चटका बसत नाही, आणि पेट, सीटी, एमआरआय तिन्हीत चालते. फक्त पाईप लांब असेल तर वाटेतच गार होते, म्हणून पाईपला फोमचं वेष्टण घाला आणि हवा थेट उंदराच्या डोळ्यावर मारू नका. भुलीत उंदराचे डोळे उघडे राहतात, वाळतात, डोळ्यात मलम घालायचंच, पण तरीही. दुसरा पर्याय बेडच्या आतून गरम पाणी फिरवायचा. पेट-सीटीला उत्तम, पण एमआरआयमध्ये तेच पाणी चित्रात दिसतं आणि ते वाहतं असल्यामुळे भुतासारख्या सावल्या पडतात. काही ठिकाणी त्यासाठी पाण्याऐवजी हायड्रोजन नसलेला फ्लोरिनयुक्त द्रव फिरवतात, पण तो महाग, तुमच्या बजेटात बसणार नाही. इलेक्ट्रिक पॅड तीन मशीनसाठी एकच बेड करायचा असेल तर विसरा.

नाकाकडे येऊ. उंदीर नाकानेच श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे नोज कोन हा तुमच्या डिझाइनचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि तुमच्या मॉडेलमध्ये तो 'नंतर जोडू' म्हणून सोडलाय. तो आधी काढा आणि बाकीचा बेड त्याच्याभोवती बांधा.

चांगला नोज कोन दोन नळ्यांचा असतो, एकात एक. आतल्या नळीतून ताजा गॅस नाकापर्यंत, बाहेरच्या कड्यातून वापरलेला गॅस ओढून भूल शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे. हे बाहेरचं ओढणं उंदरासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. एका बंद खोलीत दिवसभर आयसोफ्लुरेन हुंगलं की संध्याकाळी डोकं धरतं, ते कुणालाही विचारा. कोळशाचा डबा रोज वजन करायचा, ५० ग्रॅमने वाढला की बदलायचा, दिसायला ठीक दिसतो म्हणून चालवत राहायचं नाही. पण ओढ जास्त झाली तर ताजा गॅस नाकापर्यंत जायच्या आधीच पळतो आणि उंदीर अर्धवट जागा होतो, स्कॅनच्या बाराव्या मिनिटाला मिशा हलायला लागतात आणि आपला जीव टांगणीला. त्यामुळे ओढायच्या नळीवर एक छोटा चिमटा किंवा वाल्व द्या, हाताने कमी-जास्त करता येईल असा.

नाक कोनमध्ये किती आत जावं? डोळ्यांच्या पुढेपर्यंत, डोळे बाहेर. पुढे लवचिक पडदा असेल तर उत्तम, ग्लोव्हचा तुकडा ताणून मध्ये भोक पाडलं तरी काम होतं, पण पडद्याचा काठ नाकपुड्यांवर येता कामा नये. आणि एक आतला दांडा, टूथ बार. त्याला छोटं भोक असतं, उंदराचे वरचे पुढचे दात त्यात अडकवायचे आणि अगदी हलकेच शेपटीकडे ओढायचं की डोकं सरळ होतं, मान लांब होते, श्वासनलिका मोकळी राहते. तुमच्या डोक्याच्या दोन स्क्रूंचं काम नव्वद टक्के हा एक दांडा करतो. मेंदूचं एमआरआय करणारे कानाजवळ दोन बाजूंनी टोकं लावतात, तिथे ती लागतात कारण तिथे मिलिमीटरचा दहावा भागही महत्त्वाचा असतो. पण पूर्ण शरीराच्या पेटला नको, आणि शिकाऊ हाताने तर नकोच.

सगळ्यात मोठा फायदा असा की टूथ बार तुमचा शून्य होतो. दातांपासून मोजायचं. उंदीर १८ ग्रॅमची लहान मादी असो की ३५ ग्रॅमचा लठ्ठ नर, दात एकाच जागी, बाकी शरीर मागे जाईल तिथे जाईल. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे पाय पाहून अंथरूण करावं लागतं, म्हणून बेड सरकता करू नका, नोज कोनची आतली टोपी दोन-तीन मापांत करा आणि बेडच्या काठावर मिलिमीटरची पट्टी कोरून घ्या. तोच उंदीर दर आठवड्याला सहा आठवडे स्कॅन होणार असतो, त्या प्रत्येक वेळी तो तसाच पडला पाहिजे, पुढचे पाय कसे, मागचे कसे, शेपटी कुठे, पोटावर की पाठीवर. एकदा पोटावर आणि एकदा पाठीवर झोपवला तर यकृत-आतडी अशी सरकतात की मागचं-पुढचं चित्र जुळवताना रडू येतं.

श्वासाचं मोजमाप विसरू नका. बेड एमआरआयच्या बोअरमध्ये, म्हणजे मशीनच्या मधल्या बोगद्यात, हातभर आत गेला की उंदीर दिसत नाही. पोटाखाली एक चपटी हवेची उशी ठेवतात, फुग्यासारखी, तिची बारीक नळी बाहेरच्या प्रेशर सेन्सरला, प्रत्येक श्वासाला स्क्रीनवर एक टेकडी. मिनिटाला ५० ते १०० श्वासांच्या मध्ये असेल तर बरं चाललंय, मी साधारण ६० ते ८० वर ठेवते. त्याखाली जायला लागला की भूल थोडी कमी करायची. याच सिग्नलवरून स्कॅनर फक्त श्वास सोडलेल्या स्थितीतला डेटा वेगळा काढू शकतो, म्हणजे तुम्हाला पट्टीने जे साधायचं होतं ते उंदराला हात न लावता साधतं. त्या उशीसाठी बेडच्या तळाला २ मिमीचा खोलगट भाग ठेवा आणि नळीला खाच.

एक हिशोब, कारण तुम्ही मॉडेलमध्ये पूर्ण बंद पेटी दाखवलीय आणि तिच्यात गॅस भरायचा म्हणताय. नोज कोनला जाणारी ४ मीटरची, आतून ४ मिमीची नळी घेतली तर तिच्यात ५० मिलीच्या आसपास गॅस मावतो, मिनिटाला अर्धा लिटर प्रवाह असेल तर व्हेपोरायझरवर (गॅसमध्ये भूल मिसळणाऱ्या यंत्रावर) आकडा बदलल्यापासून सहा सेकंदांत बदल नाकाशी पोचतो. तीच पेटी एक लिटरची असेल आणि गॅस पेटीत सोडलात तर आतलं प्रमाण बदलायलाच दोन मिनिटं आणि वर, पुरतं बदलायला चार-सहा. श्वास मंदावलेल्या उंदरासाठी सहा मिनिटं म्हणजे फार झाली. पेटी हवीच असेल, आणि प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर ॲनिमल हाऊसमधून बाहेर नेऊन परत आत घ्यायचे असतील तर ती लागतेच, फिल्टर लावलेली बंद पेटी, पण तिच्या आत नोज कोन वेगळा ठेवा.

आता मटेरियल. तुमचा मूळ प्रश्न हाच होता आणि मी इथे सगळ्यात शेवटी येतेय कारण वरचं चुकलं तर मटेरियल सोन्याचं असून उपयोग नाही. पेटला फारसा फरक पडत नाही, ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनला १ मिमी प्लास्टिक म्हणजे एक टक्क्याच्या आसपास अडथळा, खुद्द उंदराचं अडीच सेंटिमीटर शरीरच वीसेक टक्के खातं. सीटीला पातळ भिंत पाहिजे, १ ते १.५ मिमी, आणि धातू अजिबात नको, एक स्क्रू असला तरी चित्रात ताऱ्यासारखे पट्टे उठतात. कार्बन फायबर सीटीला झकास, एक्स-रे सहज पार, पण तो वीज वाहतो, एमआरआयच्या कॉइलमध्ये घातला तर रेडिओ लहरींची वाट लावतो. म्हणजे तिन्ही मशीनसाठी एकच बेड म्हटलं की कार्बन फायबर गेला. राहिली ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, डेल्रिन, पीक (PEEK) ही प्लास्टिकं. ॲक्रिलिक पारदर्शक म्हणून मोह होतो, पण ७० टक्के अल्कोहोलने रोज पुसलं की काही महिन्यांत बारीक भेगांचं जाळं पडतं, आणि ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) १२१ डिग्रीला तर वाकतंच. पीक सगळ्यात भारी आणि सगळ्यात महाग. मी बेडसाठी डेल्रिन आणि फक्त वरच्या झाकणासाठी पॉलिकार्बोनेट घेते.

थ्रीडी प्रिंट नमुन्यासाठी जरूर करा, पाच-सहा करा, ग्लोव्हवाल्या हातात धरून बघा. पण साध्या फिलामेंटच्या प्रिंटला थरांच्या मध्ये बारीक फटी असतात आणि त्यात मूत मुरतं. हे हसण्यावारी नेऊ नका. भुलीत उंदीर मुततो, आणि एफडीजी लघवीतूनच बाहेर पडतं, म्हणजे ते मूत रेडिओॲक्टिव्ह असतं. फटीत मुरलेला एक थेंब पुढच्या उंदराच्या स्कॅनमध्ये ट्यूमरसारखा चमकतो. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यामुळे उद्यापर्यंत तो डाग जाईल, पण आज रांगेत असलेल्या पाच उंदरांचं काय? म्हणून आतला पृष्ठभाग गुळगुळीत, कोपरे गोल, स्क्रूची डोकी खाली, आणि वर दरवेळी फेकून द्यायचा पातळ शोषक कागद, मात्र तो जाड नको, नाहीतर मघाशी सांगितलं तसं ऊब अडवतो. रेझिन प्रिंट वापरणार असाल तर पूर्ण क्युअर करा, म्हणजे पक्कं होऊ द्या, कच्चं रेझिन कातडीला त्रास देतं, उंदराच्या आणि तुमच्या दोघांच्याही.

एमआरआयसाठी अजून एक. मटेरियल चुंबकाला चिकटत नाही म्हणजे चालेल असं नाही. काही रंगीत प्लास्टिकमध्ये रंगासाठी लोहाची संयुगं असतात, काही मऊ सिलिकॉन स्वतःच चित्रात उजळ दिसतात. सोपी टेस्ट, पाण्याच्या छोट्या बाटलीला तो तुकडा चिकटवायचा आणि ग्रेडियंट एको या एमआरआयच्या पद्धतीने स्कॅन करायचा, पाण्यात काळी सावली पडली तर तुकडा बाद. आम्ही एकदा बाजारातून पितळी स्क्रू आणले होते, छान पिवळेधमक, टेस्ट न करता बसवले, आणि चित्रात उंदराच्या डोक्याएवढा काळा खड्डा. आतून लोखंड होतं, वरून पितळेचा मुलामा. आता नायलॉनचे स्क्रू वापरते.

शेपटीकडच्या टोकाला तुम्ही बेड भिंत घालून बंद केलाय, तो उघडा. स्कॅन चालू असताना ट्रेसर द्यायचा असेल तर शेपटीच्या बाजूच्या शिरेत सुई बसवून बारीक नळी बाहेर काढतात. २५ ग्रॅमच्या उंदरात सगळं रक्त मिळून दोन मिलीच्या आत, एका वेळी झटक्यात द्यायचं तर १२५ मायक्रोलिटरच्या आसपास, फार तर २००. आता नळीचं माप बघा. आतून ०.२८ मिमीची नळी ३० सेंटिमीटर घेतली तर तिच्यात १८ मायक्रोलिटर अडकतं. ०.५८ मिमीची घेतली तर ८०, म्हणजे निम्म्याहून जास्त डोस नळीतच आणि तो आत ढकलायला वरून तेवढंच सलाईन. बेड जितका लांब, शेपटीची खाच जितकी आडवळणाची, तितकी नळी लांब लागते. मेकॅनिकलवाल्याला हे कॅडमध्ये सुचत नाही, मलाही सुचलं नव्हतं.

एका मशीनमधून दुसऱ्यात नेताना बेड तंतोतंत त्याच जागी बसण्यासाठी खाली तीन गोळ्या आणि समोर एक शंकूच्या आकाराचा खळगा, एक व्ही-खाच आणि एक सपाट जागा, अशी बैठक करा. जुनी युक्ती आहे, तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही तसंच, आणि चौथा पाय द्यायचा मोह टाळा. गोळ्या काचेच्या किंवा सिरॅमिकच्या. पण आधी बोअर मोजा! पेटचं भोक दहा-बारा सेंटिमीटरचं मिळेल, पण एमआरआयच्या पूर्ण शरीराच्या माऊस कॉइलचा आतला व्यास ३५-४० मिमीच असतो, म्हणजे बेड, उंदीर, उशी, नळ्या सगळं त्यात. तुमच्या मॉडेलचा बेड ५२ मिमी रुंद आहे, तो एमआरआयच्या दारातूनच परत येईल. चार उंदीर एकदम ठेवायचा तुमचा पुढचा प्लॅन वाचला, त्याला माऊस हॉटेल म्हणतात, वेळ वाचतो, पण केंद्रापासून लांबच्या उंदराचं चित्र अंधुक होतं. आधी एक नीट करा.

चाचणी. जिवंत उंदरावर थेट ट्राय करू नका, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी असलेल्या प्रोटोकॉलशिवाय तसं करताच येत नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची समिती, पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए, तिच्या नियमांखाली ही समिती चालते. आणि गरजही नाही. २० मिलीची सिरिंज पाण्याने भरा, ती जाडीला बऱ्यापैकी उंदराएवढी असते, आत थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घाला, ३७ ला गरम करून बेडवर ठेवा आणि खोलीचा एसी लावून तासभर तापमान लिहा. पेटसाठी नेमाच्या (अमेरिकेतल्या विद्युत उपकरण उत्पादकांच्या संघटनेच्या) २००८ सालच्या मानकातला माऊसच्या आकाराचा फँटम, म्हणजे चाचणीसाठीचा नकली उंदीर, बहुतेक सेंटरकडे असतो, आतून ३० मिमी व्यास, ५० मिमी लांब, तो मागून घ्या. बेडवर ठेवा, स्कॅन करा, काढा, परत ठेवा, असं दहा वेळा, आणि तोच बिंदू किती इकडेतिकडे सरकतो ते मोजा. रिपोर्टात हा एक आकडा असला तर परीक्षक गप्प बसतील.

आणि कृपा करून एक दिवस ॲनिमल हाऊसमध्ये उभे राहून बघा, परवानगी काढा, नाहीतर हे उंटावरून शेळ्या हाकणं होतंय. तिथली मुलगी दोन-दोन ग्लोव्ह घालून, बोटात डोसीमीटरची (किरणांचा डोस मोजणारी) अंगठी घालून, झोपवलेला उंदीर पेटीतून काढते आणि कोनमध्ये नाक घालते. उंदरात रेडिओॲक्टिव्हिटी आहे, म्हणजे तिचा प्रत्येक जास्तीचा सेकंद तिच्या बोटांचा डोस आहे, आणि तेवढा वेळ उंदीर भुलीशिवाय आहे. तुमच्या मॉडेलमध्ये उंदीर बसवायला मी मोजलं तर अकरा क्रिया आहेत. तीन पाहिजेत. दात अडकव, नाक आत ढकल, झाकण लाव.

डेल्रिनचा रॉड पुण्यात भवानी पेठेत मिळून जाईल, भोसरीला एखाद्या लहान सीएनसी वर्कशॉपला ड्रॉइंग द्या, एक नगाचं काम म्हणून आधी नाक मुरडतील, दोन नग सांगा, तसेही तुम्हाला दोन लागणारच, एक धुवायला गेला की दुसरा. ड्रॉइंगमध्ये आतल्या भागाचा फिनिश वेगळा लिहून द्या.

नवीन ड्रॉइंग पाठवाल तेव्हा सोबत एक छोटा व्हिडिओ पाठवा. प्रिंट केलेल्या बेडमध्ये सिरिंज उंदीर म्हणून बसवा, झाकण लावा, बेड नळीत सरकवा, आणि कुणीतरी 'श्वास थांबला' म्हटल्यापासून सिरिंज मोकळी होऊन टेबलावर येईपर्यंत स्टॉपवॉच लावा. एका हाताने, दोन ग्लोव्ह घालून, ॲलन की न शोधता. माझ्याकडच्या बेडला सात सेकंद लागतात आणि मला ते अजून जास्त वाटतात.